परदेशी कंपन्यांना चीनमध्ये गेम विकायचा परवाना थेट मिळतो का? नसेल तर त्या काय करतात?

थेट मिळत नाही. टेन्सेंट किंवा नेटईझसारखी चिनी कंपनी जोडीला घ्यावी लागते आणि परवान्यासाठी अर्ज तिकडूनच जातो. कारण चीनमध्ये गेम हे पुस्तकासारखंच ‘प्रकाशन’ मानलं जातं. पैसे घेणाऱ्या प्रत्येक गेमला राष्ट्रीय वृत्तपत्र व प्रकाशन प्रशासनाकडून वेगळा मंजुरी क्रमांक (हाच परवाना) लागतो, आणि तो कधी मिळेल हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर. 2018 मध्ये कित्येक महिने आणि पुन्हा जुलै 2021 ते एप्रिल 2022 नवे क्रमांक देणंच बंद होतं.

गेममध्येही बदल करावे लागतात. ‘पब्जी मोबाइल’मधून कमाई करायची परवानगी मिळेना, तेव्हा टेन्सेंटने मे 2019 मध्ये तिथे तो बंद करून ‘गेम फॉर पीस’ आणला. त्यात गोळी लागलेला खेळाडू मरत नाही, हात हलवून निरोप घेतो! शिवाय सप्टेंबर 2021 पासून 18 वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 खेळता येतात.

माझ्या मते खरी जोखीम भागीदाराची. अमेरिकी गेम कंपनी ब्लिझर्डचा नेटईझशी करार जानेवारी 2023 मध्ये संपला आणि तिच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमचे चिनी सर्व्हर बंद पडले, 2024 मध्ये समेट झाल्यावरच ते परत सुरू झाले.

एक पळवाट मात्र आहे: स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतून चिनी खेळाडू विनापरवाना गेमही विकत घेत आले आहेत. पण त्याला कायद्याचा आधार नाही, त्यामुळे त्यावर धंद्याचं गणित मांडू नये.