ठरवायला काय उरलंय?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन गेममध्ये तुझी वृक्षतोड नुकतीच ७३ लेव्हलला पोचली, ती ९९ ला न्यायचीच असं ठरवून तू बसलायस, आणि यूच्या झाडाखाली उभं राहून राहून आता वीट आलाय. तरी रोज रात्री लॉगिन करतोसच. शेवटी विचारलंयस, ‘दादा, कंटाळा गेममध्ये आहे की माझ्यात? का एमएमओ असेच असतात?’

एमएमओ, म्हणजे हजारो जण एकाच जगात खेळतात ते ऑनलाइन गेम, ‘असेच असतात’ हे मला सहन होत नाही, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसलो.

आधी हिशेब करू, तो तू केलेला दिसत नाही. ७३ ला ९,९२,८९५ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतो आणि ९९ ला १,३०,३४,४३१. म्हणजे अजून १,२०,४१,५३६ बाकी. यूच्या एका ओंडक्याला १७५ मिळतात, तर राहिले ६८,८०९ ओंडके. इन्व्हेंटरीत, म्हणजे जवळच्या पिशवीत, जागा २८, म्हणजे बँकेच्या २,४५८ फेऱ्या. तासाला ३५,००० एक्सपी धरला तर जवळपास साडेतीनशे तास. आणि ‘९२ झाली की संपलंच’ असं तुला कुणी सांगितलं असेल तर तेही खोडून टाक. ९२ ला ६५,१७,२५३ एक्सपी होतो, म्हणजे ९२ ही अर्धी वाट आहे.

आकडा मोठा आहे म्हणून भिऊ नकोस. माझी तक्रार आकड्यावर नाहीच. या गेमचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर, म्हणजे टिकवर, चालतं. झाड तोडताना दर चार टिकला, म्हणजे २.४ सेकंदांनी, गेम फासा टाकतो आणि ओंडका मिळाला की नाही ते ठरवतो. तो ठरवतो. तू झाडावर एकदा क्लिक करून मोकळा झालेला असतोस. पुढच्या साडेतीनशे तासांत तुझ्या वाट्याला एकही निर्णय येणार नाही. कंटाळा आलाय तो याचा. तुझ्यात काही बिघडलेलं नाही, डोकं शाबूत आहे म्हणूनच ते ओरडतंय.

एकच प्रश्न मनाशी धरून ठेव आणि गेममध्ये कुठेही उभा असलास तरी विचार: इथे मला ठरवायला काय उरलंय?

टीझटॉक-जाड या बलाढ्य शत्रूचं उदाहरण घे. फाइट केव्हज या गुहेत शत्रूंच्या ६३ लाटा, शेवटच्या लाटेत जाड. त्याचा हल्ला आठ टिकला एक, म्हणजे ४.८ सेकंदांनी, आणि जास्तीत जास्त फटका ९७ चा. तुझी हिटपॉइंट (जिवाचे गुण) त्याच्या आत असतील तर एक चूक पुरते. तो मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पाय हवेत धरतो तेव्हा जादू येते. पुढचे पाय जमिनीवर आपटतो तेव्हा लांबचा मारा येतो. तेवढ्यात योग्य प्रेयर, म्हणजे तो हल्ला अडवणारी प्रार्थना, लावायची, जादूसाठीची प्रेयरच्या लेव्हल ३७ ला मिळते, माऱ्यासाठीची ४० ला. नियम एवढाच, तरी लोक तिथे मरतात. कुठे मरतात माहीत आहे? जाडचं रक्त अर्ध्यावर आलं की त्याला बरं करणारे चार छोटे प्राणी येतात. प्रत्येकाला एकेक बाण मारून आपल्या अंगावर ओढायचं असतं. हात त्यांच्याकडे जातो, पाठोपाठ डोळाही जातो, आणि जाड पाय आपटतो. म्हणून क्रम असा: आधी जाडचा हल्ला बघ, प्रेयर लाव, मग एका प्राण्याला बाण मार, परत जाडकडे बघ. एका हल्ल्यामागे एकच प्राणी. घाई केलीस की पुन्हा पहिल्या लाटेपासून.

आधीच्या ६२ लाटांतही तोचतोचपणा आहे, नाही कशाला म्हणू. पण वटवाघळासारखे टीझ-किह प्रेयरची शक्ती शोषून घेतात, म्हणून त्यांना आधी मारायचं. कुठल्या दगडाआड उभं राहिलं की मोठा प्राणी अडकून पडतो, प्रेयरची बाटली आत्ता प्यायची की दोन लाटांनंतर, हे सगळं तुलाच ठरवायचं असतं. दीड-दोन तास जातात आणि हात घामेजतात. यूखाली तेवढ्याच वेळात तू किती वेळा मोबाइल हातात घेतलास ते मोज.

तू म्हणशील, ही मारामारी झाली, कौशल्यांचं काय? तिथेही तोच प्रश्न. ऐरणीवर लोखंडकाम करताना एक जागा हातोड्याला जाते, धातूच्या २७ विटा उरतात, एका चिलखताला पाच, म्हणजे पाच चिलखतं आणि दोन विटा शिल्लक. क्लिक एक. आता जायंट्स फाउंड्रीत, म्हणजे राक्षसांच्या तलवारी ओतायच्या कारखान्यात, जा. लोहारकाम १५ आणि ‘स्लीपिंग जायंट्स’ ही क्वेस्ट (कामगिरी) एवढंच लागतं. मुशीत २८ विटा घालायच्या, दोन धातू निम्मे-निम्मे घेतले तर तलवारीचा दर्जा चढतो. राक्षसाने मागितलेल्या दोन गुणांप्रमाणे तिन्ही भागांचे साचे निवडायचे. मग धातू तापलेला असताना घण, मध्यम उष्णतेला सहाण, थंडावला की पॉलिशचं चाक. उष्णता उतरली तर लाव्हा, चढली तर धबधबा. लोक हमखास चुकतात ते इथेच: टप्पा बदलायच्या आधी धातू नव्या पट्ट्यात आणून ठेवत नाहीत, आणि ऐन वेळी धावाधाव करतात. तासाचा एक्सपी सर्वांत वेगवान पद्धतीपेक्षा कमी पडतो. पडू दे.

‘तासाला किती’ हा शब्दप्रयोग तुझ्या पत्रात सात वेळा आलाय. मी मोजला. गाइड लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांची मेहनत खरी आहे. पण गाइड म्हणजे दुसऱ्याने घेतलेले निर्णय. सगळेच घेतलेस तर तुला ठरवायला काय उरलं? वॉटरफॉल क्वेस्टचंच बघ. अटॅक आणि स्ट्रेंग्थ दोन्हींना १३,७५० एक्सपी मिळतो, म्हणजे लेव्हल १ वरचा नवखा दोन्हींत थेट ३० ला जातो. म्हणून सगळे गाइड उघडून वीस मिनिटांत उरकतात. आणि ती क्वेस्ट आहे काय, तर दोरी कशाला बांधायची, थडग्यात शस्त्र-चिलखत घेऊन का जाता येत नाही, आतल्या राक्षसांच्या बाजूने अंगावर काही नसताना कसं निसटायचं. हे सगळं शोधायचंच होतं, ते शोधणं तू दुसऱ्याला देऊन टाकलंस. यापुढे असं कर: गाइडमधली सामानाची यादी तेवढी वाच. यादी आधी वाचण्यात कमीपणा नाही, एका रूनसाठी (जादूच्या दगडासाठी) अर्ध्या नकाशाची पायपीट कुणालाच नको. मग पान बंद. पंधरा मिनिटं खरंच अडलास तर अडलेली तेवढी ओळ बघ.

ड्रॉपचंही, म्हणजे शत्रू मारल्यावर पडणाऱ्या वस्तूंचंही, सांगतो, कारण तिथे तू स्वतःला ‘पनौती’ म्हणवून घेतोयस. अबिसल डेमनकडून चाबूक मिळण्याची शक्यता ५१२ त १. याचा अर्थ ५१२ मारले की मिळतो असा नाही. ५१२ मारूनही रिकाम्या हाताने परतणारे शंभरात जवळपास ३७ जण असतात. ९० टक्के खात्री हवी तर सुमारे १,१८० मारावे लागतात. हे आधीच माहीत असेल तर तू ठरवू शकतोस: बाजारातून विकत घ्यावा, की स्लेअरचं, म्हणजे नेमून दिलेले प्राणी मारायचं, काम येईल तेव्हा जेवढे समोर येतील तेवढेच मारावेत. माहीत नसेल तर नुसता कुढत बसतोस.

गेम बनवणारे गोड बोलून ‘ठरवायला काय उरलंय’ हा प्रश्न विसरायला लावतात, तेही ओळखायला शीक. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा दुसरा एमएमओ २००४ च्या नोव्हेंबरात आला. त्याच्या बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, जास्त वेळ खेळलं की एक्सपी निम्मा होई, खेळाडू भडकले. मग निम्म्याला ‘नेहमीचा’ म्हटलं, पूर्णाला ‘विश्रांतीचा दुप्पट’ म्हटलं, आणि तेच लोक खूश झाले. आकडे जागच्या जागी होते. त्याच गेममध्ये २००७ साली रोजच्या क्वेस्ट आल्या. आधी दिवसाला १० ची मर्यादा होती, पुढे २५ झाली, आणि २०१२ मध्ये ती काढूनच टाकली. कागदावर हे स्वातंत्र्य. प्रत्यक्षात हवी ती बक्षिसं त्या रोजच्या क्वेस्टमागे बांधलेली, म्हणून लोक रोज हजेरी लावू लागले आणि वैतागले. आज गेलं नाही तर आजचा वाटा बुडाला, यात ठरवण्यासारखं काय आहे? याउलट तुझ्या गेममधली औषधी झुडपं बघ. ८० मिनिटांत तयार होतात, आणि एकदा पूर्ण वाढली की तू चार दिवसांनी आलास तरी तशीच उभी असतात. पेरताना चांगलं खत घाल, कारण रोग लागतो तो वाढीच्या काळात. एवढं केलंस की ती तुझी वाट बघतात, तू त्यांची बघत नाहीस. जे थांबतं ते कर. जे हजेरी मागतं त्याच्यापासून चार हात लांब राहा.

ऑटोक्लिकरबद्दल, म्हणजे आपोआप क्लिक करणाऱ्या प्रोग्रामबद्दल, तू भीत भीत विचारलंयस. उत्तर नाही. अकाउंट बॅन होतं हे तुला माहीतच आहे, ते मी उगाळत नाही. पण जे काम यंत्राला द्यावंसं वाटतं ते तू मुळात करतोयस कशाला? बाहेरून खरे पैसे देऊन गेममधलं सोनं घेण्याचंही तेच. २००८ च्या जानेवारीत सोनं विकणाऱ्यांना रोखायला रूनस्केपने खेळाडूंमधला मोकळा व्यवहारच बंद केला, तो २०११ च्या फेब्रुवारीत परत आला. तीन वर्षांहून जास्त काळ मित्राला साधी भेट देणंसुद्धा अवघड होतं. ते विकत घेणाऱ्यांमुळेच झालं.

आता तू मला पकडशील. ‘दादा, तुम्ही स्वतः वृक्षतोडीचा केप घालून फिरता.’ हो, फिरतो. ९९ झाल्यावर ९९,००० नाणी मोजून घेतलाय. पण बाजूला व्हिडिओ लावून काढलेल्या त्या तासांपैकी एकही आज आठवत नाही, आणि वय वाढतं तसं ते जास्त टोचतं. म्हणून या एका गोष्टीवर मी हट्टी झालोय. क्लॅनमध्ये, म्हणजे आमच्या खेळाडूंच्या गटात, मला यावरून बोलतात, म्हणतात, लोकांना दमून आल्यावर डोकं बंद करून बसायचं असतं, बसू द्या की. बसू दे ना. मी बसण्याच्या विरोधात नाही. बसून कंटाळायचं आणि वर त्याला प्रगती म्हणायचं, याच्या विरोधात आहे.

आणि बसायचंच असेल तर माणसांत बस. २०२३ साली फॉरेस्ट्री, म्हणजे मिळून झाडं तोडायची सोय, आली ती यासाठीच. एकाच झाडावर जितके जास्त जण तितकी प्रत्येकाची अदृश्य लेव्हल वाढते, १० पर्यंत. मधूनच मुळं वर येतात, रोपटं धडपडतं, त्याला कुठला पाला कुठल्या क्रमाने लागतो ते सगळ्यांनी मिळून हुडकायचं. एकाला जमलं की तो ओरडून सांगतो. तीच लाकडं, तोच फासा, पण आता बोलायला कुणी आहे. तू मात्र गर्दी नको म्हणून रिकामं वर्ल्ड (सर्व्हर) शोधून एकटा तोडत बसलायस!

क्लॅन बदलावा का, हा तुझा खरा प्रश्न पत्राच्या तळाशी दडवलायस. बदल. माणसं चांगली आहेत, पण ती ब्रिटनमधली आहेत. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. सकाळी सातची लोकल पकडणाऱ्याने रात्री दीडला रेड, म्हणजे गटाची मोठी लढाई, सुरू करायची नसते. झोपेत घेतलेला निर्णय निर्णयच नसतो, त्यात तू मरतोस आणि शिव्या साथीदारांना बसतात. सिंगापूर किंवा पर्थच्या लोकांचा गट शोध, त्यांचे आठ म्हणजे आपले साडेपाच. शनिवार-रविवारी सहज जमेल.

नेटचं एक. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंद असलं तरी ०.६ सेकंदाच्या टिकमध्ये ते सामावतं. घात करतं ते खालीवर होणारं पिंग. तुझी प्रेयर एका टिकने उशिरा पोचते आणि तुला वाटतं आपलाच हात मंद आहे. जाडच्या आधी वायफाय सोड, राउटरला केबल लाव.

तर या आठवड्यात कुऱ्हाड बँकेत ठेव. प्रेयर ४३ कर, म्हणजे तिन्ही संरक्षणं हातात येतील. वॉटरफॉल तू गाइड बघून संपवलीस, ती आता परत मिळणार नाही, पण ‘स्लीपिंग जायंट्स’ शिल्लक आहे. ती पान बंद ठेवून कर आणि फाउंड्रीत पाच तलवारी बनव. शनिवारी साडेपाचला मी फाइट केव्हजच्या दाराशी असेन. आत तू एकटाच जाशील, मी फक्त कॉलवर. बोलणार नाही, विचारलंस तरच सांगेन. येताना प्रेयरच्या बाटल्या मोजून आण, आणि किती आणल्यास व का, ते आत जाण्याआधी मला सांग.

तुझा,
दादा