मॉर्मन लोकांच्या मोठ्या कुटुंबांत समलैंगिक मुलगे जास्त का दिसतात?

तुम्ही विचारलंय की मॉर्मन या अमेरिकेतल्या धार्मिक पंथाच्या घरांत सहा-सात मुलं असतात आणि त्यातला एखादा मुलगा समलैंगिक असल्याचं बरेचदा कानावर येतं. मग याला कारण कडक धर्म, मुलांपासून लांब राहणारा बाप, की शेंडेफळाचे लाड?

मी अकरा वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहतो. शेजारचं घर मॉर्मन. पाच मुलगे, दोन मुली, आणि सगळ्यांत धाकटा मुलगा समलैंगिक आहे. म्हणून मी यावर बरंच वाचलं. धर्माचा आणि लाडांचा संबंध सापडला नाही. सापडला तो आधी जन्मलेल्या मुलग्यांच्या संख्येशी.

कॅनडातल्या रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी १९९६ साली हे मांडलं. एकाच आईच्या पोटी आधी जितके मुलगे झाले असतील, तितकी पुढचा मुलगा समलैंगिक असण्याची शक्यता वाढते, दर थोरल्या भावामागे साधारण एक तृतीयांशाने. पहिल्या मुलग्याची शक्यता शंभरात २ धरली तर तिसऱ्याची साडेतीन होते, पाचव्याची ६ च्या आसपास. म्हणजे पाचव्या नंबरच्या शंभर मुलग्यांतले ९४ समलैंगिक नसतातच. पण अख्ख्या घराचा हिशेब केलात तर पाच मुलगे असलेल्या घरात निदान एक जण समलैंगिक असण्याची शक्यता सहात एक येते. भावांचा हा परिणाम अजिबात नाही असं धरलं, तरी ती दहात एक भरते, कारण मुळात मुलगेच पाच. असं घर मॉर्मन असो की सामोआ बेटांवरचं, गणित बदलत नाही. सामोआतही हा परिणाम दिसलेला आहे.

असं का होत असावं? ज्यांच्या घरी कुणाचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे त्यांना पटकन कळेल. पहिल्या बाळाच्या वेळी आईच्या शरीराला एक परका पदार्थ भेटतो, शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि त्रास पुढच्या बाळाला होतो. तसंच मुलग्याच्या वाय गुणसूत्रामुळे (जे आईत नसतं) बनणारी काही प्रथिनं आईच्या शरीराला परकी असतात. बोगार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं मोजली. ज्यांच्या समलैंगिक मुलाला थोरले भाऊ होते, त्या आयांमध्ये ती सर्वांत जास्त निघाली. अभ्यास लहान होता, त्यामुळे मी याला पक्कं सिद्ध झालेलं म्हणणार नाही.

शेजारच्या काकूंच्या घरात जिन्याजवळच्या भिंतीवर पाच चौकटी आहेत. पाचही मुलगे मिशनला, म्हणजे धर्मप्रचाराला निघालेले, काळा सूट, पांढरा शर्ट, खिशावर काळी नावपट्टी. धाकट्यानेही दोन वर्षांचं मिशन पुरं केलंय. त्याच भिंतीपाशी काकूंनी मला विचारलं होतं, "मी कुठे कमी पडले?" त्यांच्या श्रद्धेनुसार मंदिरात बांधलं गेलेलं कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहतं. त्यांना भीती होती ती तिथली एक जागा रिकामी राहण्याची.

मी त्यांना २००६ चा अभ्यास सांगितला. थोरले सख्खे भाऊ वेगळ्या घरात वाढले तरी परिणाम दिसतो. दत्तक किंवा सावत्र भाऊ एकाच घरात वाढले तरी दिसत नाही. म्हणजे जे काही घडतं ते जन्माच्या आधी. काकूंनी लगेच विचारलं, "मग आरएचला देतात तसं इंजेक्शन याला का नाही?" नाही, आणि हा आजारही नाही, एवढंच मी म्हणू शकलो.

हे एकमेव कारण मात्र मुळीच नाही. थोरल्या भावांमुळे असं सांगता येतील असे समलैंगिक पुरुष साधारण सातात एक. पहिलटकरणीचे मुलगे आणि एकुलते एकही समलैंगिक असतात. २०१९ मध्ये जवळपास पाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात 'समलैंगिकतेचं जनुक' असं एकही सापडलं नाही, छोटे छोटे परिणाम करणारी अनेक आहेत.

बदलवण्याचे प्रयत्न युटामध्ये फार झाले. १९७० च्या दशकात इथल्याच प्रोव्हो शहरातल्या मॉर्मन चर्चच्या विद्यापीठात मुलांना विजेचे झटकेसुद्धा दिले गेले. लग्न लावून दिलं की सुधारेल, हा आपल्याकडचा सल्ला इथेही चालायचा. १९८७ मध्ये चर्चच्या नेतृत्वातल्या गॉर्डन हिंकली यांनीच लग्न हा यावरचा उपचार नाही असं बजावलं. २०१२ मध्ये चर्चने हे आकर्षण कुणी निवडत नाही असंही म्हटलं, पण दोन पुरुषांचं लग्न त्यांना आजही मान्य नाही.

राहिला तुमचा लांब राहणाऱ्या बापाचा मुद्दा. पाचही मुलग्यांना बास्केटबॉल त्याच बापाने, त्याच अंगणात शिकवला. धाकट्याने घरी सांगितलं, त्यानंतर वर्षभर दोघं बोलत नव्हते. बाहेरून बघणाऱ्याला तोच दुरावा कारण वाटतो, पण तो नंतर आला. आता शनिवारी सकाळी दोघं मिळून अंगणातलं गवत कापतात. रविवारी त्यांच्याकडे ते काम करत नाहीत.