गॅस बंद केला का नाही, आणि बाकीच्या शंका

प्रश्न : ताई नमस्कार, मी 43 वर्षांची, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते, या कामाला 14 वर्षं झाली. पण गेले काही महिने डोकंच चालत नाही असं झालंय. टॅलीत एंट्री मारता मारता मधेच विसरते की बिल कुठल्या पार्टीचं होतं, माणूस समोर उभा असतो आणि नाव ओठावर येऊन अडकतं. रिटर्न भरायचं आलं की तेच आकडे चार-चार वेळा बघते तरी सबमिट दाबताना पोटात गोळा येतो. सकाळी राजारामपुरीतनं निघते, कावळा नाक्याला आले की वाटतं गॅस चालूच राहिला, की गाडी फिरवून परत घरी. गॅस बंदच असतो. ऑफिसात नवीन पोरं आलीत, फटाफट काम करतात, त्यांच्याकडं बघून वाटतं आपल्याला कधी काही येतच नव्हतं, इतकी वर्षं नशिबानं निभावलं. मिस्टर म्हणतात तुझं लक्षच नसतं. रात्री तीनला जाग येते ती परत झोप नाही, पाळी पण पुढंमागं व्हायलीय. मला विसरायचा आजार लागला का?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एक छोटंसं वाक्य आहे, 'गॅस बंदच असतो'. तुम्ही ते घाईत लिहून पुढं गेलाय पण मी तिथंच थांबले, कारण त्याचा अर्थ असा की काम तुम्ही केलं होतं, बरोबर केलं होतं, फक्त केल्याचा भरवसा वाटला नाही. आठवण जाणं वेगळं आणि आठवणीवरचा विश्वास जाणं वेगळं, आणि तुमचं मला तरी जास्त करून दुसरं वाटतंय.

यावर एक प्रयोगच झालाय. 2003 साली नेदरलँड्समधल्या व्हान डेन हाउट आणि किंट या दोघा संशोधकांनी लोकांना कॉम्प्युटरवरची गॅस शेगडी चालू-बंद करायला लावली आणि काही जणांना ती परत परत तपासायला सांगितली. शेवटी विचारलं, तर सगळ्यांनाच जवळपास सारखंच बरोबर आठवत होतं, पण ज्यांनी परत परत तपासलं होतं त्यांना ती आठवण अंधुक वाटत होती आणि स्वतःची खात्रीच देता येत नव्हती. म्हणजे बघा, खात्री व्हावी म्हणून आपण तपासतो आणि त्या तपासण्यानंच खात्री कमी होते, कारण दहा वेळा बघितलेली शेगडी सगळी एकातएक मिसळते, आजची कुठली आणि कालची कुठली काही कळत नाही.

म्हणून एकदाच बघायचं, पण हात तिथं ठेवून. रेग्युलेटर बंद करताना फोन कानाला नको, डब्याचा विचार नको, नॉब फिरवला की मोठ्यानं म्हणायचं 'बंद केला, आज मंगळवार'. घरातले हसतील, हसू देत. मग कुलूप लावायचं आणि निघायचं. कावळा नाक्याला छाती धडधडणारच, पहिले काही दिवस तर लईच, पण गाडी फिरवायची नाही. ती धडधड थोडा वेळ राहते आणि आपोआप उतरते, हे अंगाला एकदा कळावं लागतं. रिटर्नचंही तेच, पर्चेस रजिस्टर जीएसटी पोर्टलवरच्या टू-बी यादीशी एकदा जुळवा, कागदावर प्रत्येक आकड्यापुढं पेनानं टिक करा, आणि हे 20 तारखेच्या रात्री नको, दोन दिवस आधी दुपारी करा. टिक झाली की परत उघडायचं नाही.

आता डोक्यातल्या धुक्याचं. ते खरं आहे, मनाचे खेळ म्हणून सोडू नका. हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइडची टीएसएच आणि शुगर एवढं तपासून घ्या, यातलं काहीही बिघडलं तरी असंच होतं. आपल्याकडं वाटतं तांबडा-पांढरा खाणाऱ्याला कसली कमतरता, पण पित्ताची गोळी किंवा शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर खाऊनही बी-12 कमी पडू शकतं. आणि शेजारणीनं सांगितलं म्हणून तपासणीआधीच इंजेक्शनं घेऊन बसू नका, मग रिपोर्टवरनं काही कळत नाही. शिवाय तुमचं वय आणि पुढंमागं होणारी पाळी बघता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. पाळी जायच्या आधीच्या या वर्षांत झोप मोडणं, शब्द न आठवणं बऱ्याच बायकांना होतं, बोलत कुणी नाही एवढंच. आणि तीनपासनं जागं असलेलं डोकं सकाळी अकराला अडखळणारच ना.

'नशिबानं निभावलं' यावर मात्र मी भांडणार तुमच्याशी. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच लिहून ठेवलंय की चांगल्या शिकलेल्या, कर्तबगार बायका यश नशिबाच्या खात्यावर टाकतात आणि आता आपण पकडले जाणार म्हणून भीत राहतात. नवीन पोरं बटणं पटपट दाबतात हे खरं, पण खात्याची नोटीस आली की फाइल कुणाच्या टेबलावर येते ते आठवा.

एक मात्र बघा. रोज उदास वाटतंय, कशात मन लागत नाही असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, किंवा गॅस-कुलूप तपासण्यात तासन्तास जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यातही तो विभाग आहे. जगणंच नको असं एकदा जरी मनात आलं तर थांबू नका, लगेच 14416 लावा, टेलिमानसचा सरकारी फुकट नंबर आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

आणि डॉक्टरकडं जाताना मिस्टरांना बरोबर न्या. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडखळतो का हे डॉक्टर विचारतील, आणि ते तुम्हाला नाही, मिस्टरांनाच माहीत असणार.