‘व्हॉट अ शेम’ : लाज कुणाची?

प्रश्न : लंडनहून आलेल्या आमच्या साहेबांसाठी ऑफिसने जेवण ठेवलं होतं. सासूबाईंना ताप, म्हणून मी येत नाही असं सांगितलं. ते म्हणाले, ‘ओह, व्हॉट अ शेम!’ दादरपासून घरापर्यंत गाडीत माझं डोकं नुसतं तापलं होतं. घरात आजारी माणूस असताना थांबले, त्यात लाज कसली? उलट उत्तर द्यायला हवं होतं का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दिलं नाहीत, वाचलात! साहेब फक्त ‘अरेरे’ म्हणाले हो. तुम्ही येणार नाही याचं त्यांना वाईट वाटलं, एवढंच.

तुमचा राग मात्र मला कळतो. गिरगावात आमच्या चाळीत एखादं पोर चड्डीशिवाय गॅलरीत धावलं की आम्ही सगळे टाळ्या पिटत ‘शेम शेम’ ओरडायचो. पुढे लोकसभेतल्या बाकांवरूनही तेच ऐकलं. म्हणजे हा शब्द आपल्या कानात शिरला तोच मुळी छी-थू घेऊन. पण ‘शेम’आधीचा तो एवढासा ‘अ’ बघा. ‘व्हॉट अ शेम’, ‘दॅट्स अ शेम’ ही बहुतेक वेळा हळहळ असते. पाऊस आला, मॅच बुडाली, तरी इंग्रज हेच म्हणेल. ‘शेम ऑन यू’ म्हणाले असते, तर खुशाल भांडायचं होतंत! (दक्षिण आफ्रिकेत तर गोंडस बाळ पाहूनही ‘शेम!’ म्हणतात. तिथे तुमचं काय झालं असतं, देव जाणे.)

आपली खरी फजिती उलट्या बाजूने होते. आपल्या ‘लाज वाटते’मध्ये लाजणं, संकोच, शरम सगळंच मावतं, ‘अशेम्ड’मध्ये मावत नाही. तिथे सहसा हातून काही वावगं घडलेलं लागतं. नुसतं ओशाळायला झालं तर ‘एम्बॅरस्ड’, बुजरेपणा असेल तर ‘शाय’. परळच्या रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवायचो. तिथल्या एका मुलाने कामावर अर्ज दिला : ‘भावाचं लग्न आहे, आय ॲम अशेम्ड टू आस्क फॉर लीव्ह.’ बिचाऱ्याला म्हणायचं होतं, रजा मागायला संकोच वाटतो. साहेबाने त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘भाऊ पळून जाऊन लग्न करतोय का रे?’

पुढच्या वेळी साहेब तसं म्हणाले, तर ‘आय नो, आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू इट’ म्हणून मोकळ्या व्हा. आणि सासूबाईंचा ताप उतरला का, ते कळवा.