लहान विमान आणि तीन इंजिने

प्रश्न : बोगमाळो येथील नौदलाच्या हवाई संग्रहालयात पाहिलेले ‘डेव्हन’ हे छोटे विमान दोन इंजिनांचे आहे. इटलीतील ‘काप्रोनी का. ९७’ या जुन्या लहान प्रवासी विमानाला मात्र तीन इंजिने होती असे वाचनात आले, तर एका छायाचित्रात त्याला एकच इंजिन दिसले. यांतले खरे कोणते, आणि एवढ्याशा विमानाला तीन इंजिने कशासाठी?
– एक वाचक, वास्को

उत्तर : दोन्ही खरे आहे. मिलानजवळील तालियेदो येथील काप्रोनी कारखान्याचे हे विमान १९२७ च्या सुमाराचे असून, त्याचा सांगाडा एकच ठेवून त्यावर एक, दोन किंवा तीन इंजिने बसवता येत असत. एक इंजिन नाकावर आणि उरलेली दोन पंखाला आधार देणाऱ्या दांड्यांवर दोन्ही बाजूंना, अशी तिनांची मांडणी होती.

त्या काळी इंजिन आकाशात बंद पडणे ही नेहमीची धास्ती होती, आणि इटलीत तर खाली आल्प्स, अपेनाइन्स हे पर्वत किंवा समुद्र. दोनांपैकी एक बंद पडले की निम्मी शक्ती जाते. परंतु विमान नुसते तरंगत ठेवण्यातच बरीचशी शक्ती खर्ची पडत असल्याने, उरलेल्या निम्म्यावर उंची टिकेलच याचा भरवसा नसे. त्यातच बंद इंजिनाच्या प्रोपेलरची आडवी पाती वाऱ्याला अडवून धरीत आणि विमान त्या बाजूला ओढले जाई. तीन इंजिने असली तर दोन तृतीयांश शक्ती हाताशी राहते, आणि बंद पडलेले इंजिन नाकावरचे असेल तर बाजूची ओढही लागत नाही. पाती वाऱ्याच्या दिशेने वळवून ठेवण्याची सोय १९३० नंतरच्या दशकात रूढ झाली. त्या सोयीमुळे व भरवशाच्या इंजिनांमुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ‘डेव्हन’ला दोनच इंजिने पुरली.

तिसऱ्या इंजिनाचा इंधनखर्च व देखभाल अर्थातच वाढे. म्हणूनच निवड ग्राहकावर सोपवणारी ही रचना मला फार समंजस वाटते, विशेषतः याच कारखान्याचे संस्थापक जियान्नी काप्रोनी यांचे नऊ पंखांचे, आठ इंजिनांचे आणि शंभर प्रवाशांसाठी योजलेले ‘का. ६०’ मार्च १९२१ मध्ये माज्जोरे सरोवरात कोसळले होते हे लक्षात घेता. ‘का. ९७’वरूनच पुढे ‘का. १०१’ हे मोठे, तीन इंजिनांचे विमान तयार झाले. इटलीने ते १९३५-३६ च्या इथिओपियावरील आक्रमणात बॉम्बफेकीसाठी वापरले.