आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट पेन ड्राइव्हवर कशा घ्याव्यात?

तुमचा प्रश्न असा आहे: आजोबांच्या कीर्तनाच्या आणि घरगुती बैठकींच्या साधारण 40 कॅसेट, बहुतेक 60 मिनिटांच्या, घरात पडून आहेत. त्या पेन ड्राइव्हवर घ्यायला काय लागेल, आणि यूएसबी असलेला स्वस्त कॅसेट प्लेअर चालेल का?

स्वस्त यूएसबी प्लेअर घेऊ नका. त्यातली मोटर आणि फ्लायव्हील (वेग एकसारखा ठेवणारं चाक) इतकी हलकी असतात की सूर थरथरतो, आणि ती थरथर नंतर संगणकावर नीट काढता येत नाही. कॅसेटच्या बाबतीत खरं काम हेडपाशीच, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागापाशीच होतं. पुढचं सगळं चुकलं तरी पुन्हा करता येतं, पण टेप नीट वाजली नाही तर तोच दोष कायमचा फाइलमध्ये बसतो. त्याच पैशात एखादा जुना डेक (स्टिरिओला जोडायचा कॅसेट प्लेअर) दुरुस्त करून घ्या. बहुतेक वेळा रबरी बेल्ट सैल झालेला किंवा वितळून चिकट झालेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत बेल्टची चौकशी करा. जाताना जुना बेल्ट बरोबर न्या.

वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही कान (प्लास्टिकचे छोटे तुकडे) मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. मग खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, कोकणात आणि पावसाळी भागात हे हमखास होतं. अशी कॅसेट बाजूला काढा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा आणि सगळ्यात शेवटी हाताळा, नाहीतर तिची बुरशी हेडवरून बाकीच्या कॅसेटना लागेल. हेडसमोरचा नमद्याचा छोटा तुकडा गळलेला असेल तर आवाज दबका येतो आणि मधेच गायब होतो. अशा वेळी पाच स्क्रूची एखादी नवी कॅसेट उघडून तिच्यात जुन्या टेपच्या दोन्ही चकत्या एकदम उचलून ठेवा. टेप कोपऱ्यातल्या दोन्ही रोलरवरून गेली आहे ना, ते बघून झाकण लावा. तुटलेल्या टेपला सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. कॅसेटच्या मापाची, 3.81 मिलिमीटर रुंदीची स्प्लाइसिंग टेपच (टेप जोडायची खास चिकटपट्टी) वापरा. वर्षानुवर्षं न वाजलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून सैल करा.

हेड, कॅप्स्टनची दांडी (टेप पुढे ओढणारी फिरती धातूची दांडी) आणि रबरी रोलर दर दोन-तीन कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. मग अ‍ॅझिमथ, म्हणजे हेडचा तिरपेपणा. मूळ ध्वनिमुद्रण ज्या टेपरेकॉर्डरवर झालं त्याचं हेड जरा वेगळ्या कोनात असेल तर तुमच्या डेकवर टाळ आणि ‘स’, ‘श’ बोथट ऐकू येतात. हेडशेजारी स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना तो अगदी थोडा-थोडा फिरवा आणि टाळ सगळ्यात लख्ख वाजेल तिथे थांबा. दोन्ही चॅनेल एकत्र, मोनोमध्ये ऐकलं की फरक लगेच कळतो. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नसावा. पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि नंतर संगणकावर ट्रेबल वाढवत बसतात, त्याने फक्त खरखर वाढते.

डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जॅकमधून) स्टिरिओ लाइन-इन असलेल्या छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या डबीत वायर घाला. लॅपटॉपच्या एकुलत्या जॅकमध्ये थेट घालू नका, तिथे बहुधा मोनो माइक असतो. ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात सेटिंग अशी ठेवा: 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ, वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी) फाइल. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील. कीर्तनात मृदंगाची थाप अचानक वर जाते, आणि शून्यावर, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेवर आपटून फाटलेला आवाज परत नीट होत नाही.

वेग तपासायला बैठकीतली पेटी कामाला येते. साधारण 6 टक्के फरकाला सूर अर्धा स्वर सरकतो. आजोबा काळी एकमध्ये गायचे हे घरात माहीत असेल आणि फाइलमध्ये पांढरी दोन, म्हणजे अर्धा स्वर वर ऐकू येत असेल, तर टेप जलद चालली आहे. जुन्या पेट्या अगदी प्रमाण सुरात नसत, त्यामुळे बारीकसारीक फरकासाठी वेग बदलू नका.

खरखर काढताना हात आखडता ठेवा. खरखरीचा नमुना तंबोरा सुरू होण्याआधीच्या कोऱ्या टेपवरून घ्या आणि 6 डेसिबलपेक्षा जास्त कपात करू नका. तंबोरा सतत एकसारखा वाजतो, म्हणून सॉफ्टवेअर त्यालाही खरखर समजून खातं. मूळ वेव्ह फाइलला हात न लावता हे सगळं तिच्या प्रतीवर करा.

आता जागेचा हिशेब. वेव्हला मिनिटाला सुमारे 10 एमबी लागतात, म्हणजे एका कॅसेटला 600 एमबी आणि चाळीसांना 24 जीबी. 192 केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच सगळं साडेतीन जीबीत मावतं. गाडीत किंवा छोट्या स्पीकरवर ऐकायला एमपीथ्री घ्या. पेन ड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करा, कारण अनेक स्टिरिओ दुसरं काही वाचत नाहीत. फाइलची नावं रोमन लिपीत आणि आधी 01, 02 असे आकडे घालून द्या. देवनागरी नावांच्या जागी पुष्कळ स्टिरिओंवर चौकोन दिसतात. काही स्वस्त प्लेअर नावाच्या क्रमाने न वाजवता कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात, म्हणून फाइल एकेक करून क्रमानेच टाका.

वेव्ह मात्र फक्त पेन ड्राइव्हवर ठेवू नका. फ्लॅश मेमरीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिली तर तो भार झिरपतो. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे ठेवा. प्रत्येक फोल्डरमध्ये एक मजकुराची फाइल ठेवून तारीख, गाव, पेटीवर कोण, मृदंगावर कोण, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून लिहा. कॅसेटवरच्या चिठ्ठ्यांचे फोटोही तिथेच ठेवा, कारण चिठ्ठीचा डिंक सुटला की कोणती कॅसेट कुठली ते ओळखता येत नाही.