नवा सुपरवायझर झालास, माणसं वळवायची कशी?

अभिनंदन! वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नुसत्या हुकमावर काम होतं, पण तेवढंच होतं.

आधी कारण सांग. 'माल सकाळच्या गाडीने जायचाय' म्हटलं की माणूस मनापासून लागतो. आणि हो, गुजरातीत सांग.

जुन्या ऑपरेटरला चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचार, 'काका, कसं जमवायचं?' तो तयार झाला की बाकीचे येतातच. चारचौघांत कुणाला झापू नकोस. नव्यांची हीच चूक सगळ्यात जास्त होते.

ओव्हरटाइमला गोड बोलून पैशाचा विषय टाळू नकोस. दुप्पट दर हा त्यांचा हक्क आहे. गुजरात सरकारने २०२० मध्ये त्यातून कारखान्यांना दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. बढतीची आश्वासनं तर देऊच नकोस, ती तुझ्या हातात नाही.